विश्लेषण : माशी दाखवून मासा पकडायचा आणि पुन्हा नदीत सोडायचा! हिमालयातले ‘ट्राऊट फ्लाय फिशिंग’ नेमके काय असते?

एप्रिलमधली सकाळ, साडेसहाची वेळ. हिमाचल प्रदेशच्या कुल्लू जिल्ह्यात, गुशैणी गावाच्या थोडे खाली, तीर्थन नदीच्या काठावर पुण्याहून आलेले चार मित्र उभे आहेत. चौघेही कॉलेजपासूनचे. दोघे आयटीत, एक बँकेत आणि एकाचे भोसरीत वर्कशॉप. प्रत्येकाच्या हातात नऊ फुटांची काठी आहे आणि पाण्यात उतरण्याची घाईही आहे. पण सोबतचा स्थानिक गाईड कोणालाच उतरू देत नाही. खिशातला थर्मामीटर दोरीला बांधून तो पाण्यात सोडतो. पारा ९ अंशांवर थांबतो. मग तो एका मोठ्या दगडावर बसतो आणि म्हणतो, आधी दहा मिनिटे नुसती नदी बघा.

‘मासे पकडायला आलोय की ध्यान करायला?’ असे वर्कशॉपवाल्याने विचारलेच. पण पुढच्या तीन दिवसांत त्या दहा मिनिटांचा अर्थ चौघांनाही कळला.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातून हिमाचल आणि काश्मीरला जाणाऱ्या मित्रांच्या गटांमध्ये ट्रेकिंग आणि बाइक राइडच्या जोडीला ट्राऊट फिशिंगचेही नाव ऐकू येऊ लागले आहे. समाजमाध्यमांवर दिसतो तो निळा-हिरवा प्रवाह, हवेत वळणारी दोरी आणि हातातला ठिपकेदार मासा. प्रत्यक्षात हा खेळ कसा चालतो? स्कॉटलंडचा मासा हिमालयात आला कसा? पकडलेला मासा सोडायचा तर पकडायचाच कशाला? आणि यात धोका कुठे आहे? जाणून घेऊ.

फ्लाय फिशिंग म्हणजे काय? नेहमीच्या गळापेक्षा ते वेगळे कसे?

आपल्याकडे गळ टाकून मासेमारी करताना गळाला गांडूळ, कणकेची गोळी किंवा कोळंबी लावतात. दोरीला शिशाचे वजन असते. वजन फेकले की त्यामागून हलकी दोरी खेचली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये याच्या बरोबर उलट घडते.

इथे आमिष म्हणजे ‘फ्लाय’, अर्थात कृत्रिम माशी. छोट्या गळाभोवती पिसे, केस, लोकर आणि रेशमी धागा गुंडाळून ती बनवलेली असते. दिसायला ती पाण्यावरच्या एखाद्या किड्यासारखी असते आणि वजन जवळपास नसतेच. कापसाचे बोंड जसे दहा मीटर लांब फेकता येत नाही, तशीच ही माशीही फेकता येत नाही. म्हणून वजन दोरीलाच दिलेले असते. जाडसर, लेपन केलेली दोरी हवेतून फेकायची आणि तिच्या टोकाला बांधलेली माशी तिच्यामागून जायची.

ही कल्पना नवी नाही. मॅसेडोनियातील मासेमार गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची पिसे बांधून मासे पकडत, असे वर्णन इसवी सन २०० च्या सुमारास रोमन लेखक एलियन याने करून ठेवले आहे. आज काठी बांबूऐवजी कार्बन फायबरची झाली आणि दोरी रेशमाऐवजी प्लास्टिकची. बाकी युक्ती तीच राहिली.

दोरी हवेत गोल का फिरते? यामागचे विज्ञान काय?

फ्लाय फिशिंगच्या दोरीला क्रमांक असतो. ट्राऊटसाठी सर्वसाधारणपणे ५ क्रमांकाची दोरी आणि त्याच क्रमांकाची काठी वापरतात. हा क्रमांक दोरीच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो. ५ क्रमांकाच्या दोरीत हे वजन साधारण ९ ग्रॅम भरते. म्हणजे सगळा खेळ दोन-तीन कागदांच्या वजनाचा आहे.

काठी मागे नेऊन झटकन थांबवली की दोरी मागच्या बाजूला उलगडत जाते. ती पूर्ण सरळ झाली की काठी पुढे आणून पुन्हा थांबवायची. आता दोरी पुढे उलगडते आणि तिचा एक फास, म्हणजे ‘लूप’, हवेतून धावत जातो. लूप जसजसा पुढे सरकतो, तसतसा हलणारा भाग लहान होत जातो आणि ऊर्जा टोकाकडे जाते. आसूड ओढताना होते तेच. फरक एवढाच की आसुडाचा शेवट फटक्याने होतो आणि इथे माशी पाण्यावर अलगद टेकायला हवी. त्यासाठी जाड दोरी आणि माशी यांच्यामध्ये निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा असतो. त्याचे शेवटचे टोक जेमतेम ०.१५ मिलिमीटर जाडीचे असते.

नवख्यांची चूक इथेच होते. ते जोर लावतात. चौघांतल्या बँकवाल्याने पहिल्या तासाभरात क्रिकेटमधला थ्रो करावा तशी काठी फिरवली आणि दोन माश्या मागच्या झाडाला अर्पण केल्या. मागे गेलेली दोरी सरळ होईपर्यंत थांबणे हा या खेळातला सर्वांत अवघड भाग असतो. तीर्थनच्या काठावर झाडी आणि मोठे दगड असल्याने मागे दोरी फेकायला अनेकदा जागाच नसते. मग दोरी मागे न नेता पाण्यावरूनच पुढे गुंडाळत सोडायची ‘रोल कास्ट’ पद्धत वापरावी लागते.

ट्राऊटला काठावरचा माणूस दिसतो का?

दिसतो, पण विचित्र पद्धतीने. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वाकतो. त्यामुळे पाण्याखालच्या माशाला वरचे सगळे जग एका गोल खिडकीतून दिसते. या खिडकीचा कोन साधारण ९७ अंशांचा असतो. खिडकीबाहेरचा पाण्याचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा दिसतो, त्यात नदीच्या तळाचेच प्रतिबिंब असते.

हिशेब सोपा आहे. खिडकीचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पट असतो. अर्ध्या मीटरवर असलेल्या माशाला सव्वा मीटरपेक्षाही लहान गोलातून आकाश, झाडे, पक्षी आणि माणसे दिसतात. पाण्यालगतच्या वस्तू या खिडकीच्या कडेला चेपून, पुसट दिसतात. नऊ मीटरवर ताठ उभा असलेला माणूस माशाच्या नजरेत येऊ शकतो. तोच गुडघ्यावर बसला तर जवळजवळ नाहीसा होतो. जाणकार फिशर ओणवे होऊन चालतात, गडद रंगाचे कपडे घालतात आणि आपली सावली पाण्यावर पडू देत नाहीत, ते यामुळेच.

दुसरी गोष्ट आवाजाची. काठावरच्या गप्पा माशाला फारशा ऐकू जात नाहीत. पण पाण्यातल्या दगडांवर बूट घासला की ती कंपने त्याला अंगावरच्या संवेदी रेषेतून लगेच जाणवतात. चार जण धपाधप पाण्यात उतरले तर पुढचा अर्धा तास त्या डोहात काही घडत नाही. सकाळी गाईडने दगडावर बसवून ठेवण्याचे पहिले कारण हे होते.

नदी ‘वाचायची’ म्हणजे काय?

दुसरे कारण मासा कुठे आहे हे शोधण्याचे. ट्राऊट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी थांबतो आणि पाण्याबरोबर वाहत येणारे किडे टिपतो. वेगवान धारेत अन्न भरपूर असते, पण तिथे टिकून राहायला ताकद खर्च होते. संथ पाण्यात आराम असतो, पण अन्न कमी. म्हणून तो दोहोंच्या सीमेवर बसतो. मोठ्या दगडाच्या आडोशाला, फेसाची रेघ जिथून जाते तिथे किंवा काठाखालच्या कपारीत. कमी श्रमात जास्त अन्न, असा त्याचा सरळ व्यवहार असतो.

तो खातो काय, हे कळायला पाण्यातला एखादा दगड उलटून पाहिला तरी पुरते. दगडाच्या खालच्या बाजूला मेफ्लाय, स्टोनफ्लाय यांची पिल्ले चिकटलेली असतात. कॅडिस नावाच्या किड्याची अळी तर वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळीसारखे घर बांधते. हे किडे आयुष्याचा मोठा काळ पाण्याखाली काढतात आणि शेवटी पंख फुटून वर येतात. मेफ्लायचे पंख फुटल्यानंतरचे आयुष्य काही तासांचे किंवा एखाद-दोन दिवसांचेच असते.

ट्राऊट तळाशी खात असेल तर बुडणारी माशी, ‘निम्फ’, वापरायची. पृष्ठभागावर गोल तरंग उठू लागले तर तरंगणारी ‘ड्राय फ्लाय’. आणि माशी कोणतीही असली तरी ती प्रवाहाच्या वेगानेच वाहायला हवी. दोरीने ती जराशी ओढली गेली तरी माशाला संशय येतो. पहिल्या दिवशी चौघांच्या माश्या बहुधा खऱ्या किड्यांपेक्षा जास्त घाईत होत्या. संध्याकाळपर्यंत एकालाही मासा लागला नाही.

ट्राऊट भारतात आला कुठून?

ट्राऊट मूळचा आपला नाही. ब्राऊन ट्राऊट युरोपचा, तर रेनबो ट्राऊट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातला. ब्रिटिशांना हिमालयातल्या नद्या स्कॉटलंडसारख्या वाटल्या आणि तिथला खेळ इथे आणायची इच्छा झाली. १८९९ मध्ये काश्मीरसाठी पाठवलेली अंडी वाटेतच खराब झाली. १९०० मधला दुसरा प्रयत्न यशस्वी ठरला. श्रीनगरमध्ये गालिच्यांचा कारखाना चालवणारे फ्रँक मिचेल यांचा त्यात पुढाकार होता. श्रीनगरजवळच्या हारवानला ट्राऊटची पैदास सुरू झाली.

कुल्लू खोऱ्यात ट्राऊट आला तो १९०९ मध्ये. तेव्हाचे अधिकारी जी. सी. एल. हॉवेल यांनी कटराईंजवळच्या माहिली इथे हॅचरी उभारली आणि ब्यास व तिच्या उपनद्यांमध्ये मासे सोडले. १९४७ च्या पुरात ती हॅचरी उद्ध्वस्त झाली. पुढे जवळच्याच पतलीकुहल इथे केंद्र उभे राहिले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेच्या सहकार्याने तिथे रेनबो ट्राऊटच्या शेतीला चालना मिळाली. दक्षिणेत निलगिरीतल्या अव्हलांच इथेही १९०७ पासून ट्राऊट हॅचरी आहे.

ट्राऊट हिमालयात टिकला तो पाण्यामुळे. पाणी जितके थंड, तितका त्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो. समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २५ अंशांना सुमारे ८ मिलिग्रॅम. त्याच वेळी पाणी तापले की माशाची ऑक्सिजनची गरज वाढते. मिळकत कमी आणि खर्च जास्त, अशी त्याची कोंडी होते. २० अंशांच्या पुढे ट्राऊटवर ताण येऊ लागतो आणि २५ अंशांच्या आसपास जिवावर बेतते.

मग तीर्थनच का?

तीर्थन नदी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या उंच भागात उगम पावते आणि बंजार खोऱ्यातून उतरत लारजीजवळ ब्यासच्या खोऱ्याला मिळते. चंडीगडहून मनालीकडे जाताना औटच्या बोगद्याआधी उजवीकडे वळले की या खोऱ्याचा रस्ता लागतो.

या नदीचे वैशिष्ट्य म्हणजे तिच्या मुख्य प्रवाहावर मोठा जलविद्युत प्रकल्प नाही. शेजारच्या सैंज आणि पार्वती नद्यांवर बोगदे आणि धरणे झाली. तीर्थनवरही प्रकल्पांचे प्रस्ताव आले होते. बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब यांच्यासह स्थानिकांनी त्याविरुद्ध लढा दिला आणि नदी मोकळी राहिली. तीर्थन ट्राऊटसाठी प्रसिद्ध असणे हा त्या वेळी नदीच्या बाजूचा एक मुद्दा ठरला. परक्या माशाने नदी वाचवायला हातभार लावला, असे म्हणता येईल.

ट्राऊटला मोकळा प्रवाह का लागतो, याचे उत्तर त्याच्या अंड्यांमध्ये आहे. थंडीत मादी तळातल्या खडीत खड्डा करून अंडी घालते आणि वर खडी लोटते. १० अंशांच्या पाण्यात अंडी फुटायला साधारण ४० दिवस लागतात, ५ अंशांना सुमारे दुप्पट. एवढा काळ खडीतून स्वच्छ पाणी खेळत राहिले पाहिजे. रस्त्याच्या कामाचा राडारोडा नदीत ढकलला, गाळ खडीत बसला, की अंडी जागेवरच गुदमरतात. वरून नदी तशीच वाहताना दिसते आणि खाली एक पिढी संपलेली असते.

हा खेळ मित्रांबरोबरच का खेळावा?

फ्लाय फिशिंगचे फोटो एकट्या माणसाचे असतात. खेळ मात्र दोघा-चौघांत जास्त जमतो. एक जण दोरी टाकतो, दुसरा उंच दगडावरून मासा कुठे हलला ते सांगतो. डोह आळीपाळीने वाटून घेतात. दुसऱ्याच्या पाण्यात उतरायचे नाही, त्याच्या पुढे जायचे तर काठावरून लांबचा वळसा घ्यायचा आणि मासा लागला की पुढची पाळी दुसऱ्याची, असे साधे संकेत असतात. पुण्याच्या चौघांनी यात आपला एक नियम घातला. ज्याची माशी झाडात अडकेल, त्याने संध्याकाळचा चहा पाजायचा. बँकवाल्याचा चहाचा खर्च बराच झाला.

पण सोबतीचे खरे कारण सुरक्षितता आहे. पहाडी नदीत गुडघाभर पाणीही माणसाचे पाय उचलू शकते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास हे चौघांच्या लक्षात आले. पाण्यावर पहिल्यांदाच तरंग उठू लागले होते. आयटीवाल्यांपैकी एक जण मांडीभर पाण्यात उभा होता आणि समोर मासा दोनदा वर येऊन गेला होता. इतक्यात गाईडने शिट्टी वाजवून सगळ्यांना बाहेर बोलावले. ‘भैया, फक्त पाच मिनिटं,’ अशी विनवणी झाली. गाईडने काठावरच्या एका दगडाकडे बोट दाखवले. सकाळी कोरडा असलेला तो दगड अर्धा बुडाला होता आणि पाण्याला मातकट झाक आली होती. वर कुठेतरी पाऊस झाला होता. चौघे बाहेर आले. तासाभरात ते जिथे उभे होते, तिथे फेसाळ लाट उसळत होती.

हा भाग ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यासाठी ही शिट्टी साधी नसते. तीर्थनच्या संगमापासून जवळच, ब्यास नदीवर थलौट इथे ८ जून २०१४ रोजी संध्याकाळी हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी सहलीदरम्यान फोटो काढायला नदीच्या पात्रात उतरले होते. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडले गेले आणि काही क्षणांत २४ विद्यार्थी व त्यांच्यासोबतचा एक जण वाहून गेला. ते सगळे मित्र होते आणि नदी त्यांना शांत दिसत होती. त्याच महिन्यात तीर्थनच्या वरच्या अंगाच्या राष्ट्रीय उद्यानाला युनेस्कोने जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला.

धरण असलेल्या नदीत पाणी दरवाजे उघडल्याने वाढते. धरण नसलेल्या नदीत ते वितळणाऱ्या बर्फाने, पावसाने किंवा ढगफुटीने वाढते. जुलै २०२३ मध्ये ब्यासला आलेल्या महापुराने कुल्लू-मनालीतले रस्ते, पूल आणि घरे नेली, अनेक ट्राऊट फार्मचेही नुकसान केले. म्हणून काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. एकट्याने पाण्यात उतरू नये. काठावरच्या एका दगडावर पाण्याच्या पातळीची खूण धरून ठेवावी. पाणी गढूळ झाले, त्यात काड्या-पाने वाहू लागली किंवा आवाज बदलला, तर मासा गळाला लागलेला असला तरी बाहेर यावे. धरणाखालच्या पात्रात तर उतरूच नये.

मासा सोडायचा कसा? सोडला की तो जगतो का?

नीट सोडला तर बहुतेक वेळा जगतो. हलगर्जीपणे सोडला तर तो पोहत गेलेला दिसतो आणि काही तासांनी मरतो. फरक पुढील गोष्टींनी पडतो.

गळाला उलटा काटा नसावा. असल्यास तो पक्कडीने दाबून टाकावा, म्हणजे गळ सहज निघतो आणि जबडा फाटत नाही. मासा लागल्यावर त्याला उगाच दमवत बसू नये. हात आधी पाण्यात ओले करावेत. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याचे संसर्गापासून रक्षण करतो आणि कोरड्या हाताने तो निघून जातो. गळ शक्यतो माशाला पाण्यात ठेवूनच काढावा. पाण्याबाहेर त्याचे कल्ले चिकटतात आणि श्वास बंद होतो. फोटो हवाच असेल तर आधी कॅमेरा तयार ठेवावा आणि मासा पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. शेवटी त्याचे तोंड प्रवाहाकडे करून त्याला हलके धरून ठेवावे. शेपटी मारून तो स्वतः निघाला की सोडावे.

पाणी २० अंशांच्या आसपास पोहोचले असेल तर त्या दिवशी काठी गुंडाळून ठेवणे हेच बरे. तेव्हा नीट सोडलेला मासाही दगावू शकतो. गाईडच्या खिशात थर्मामीटर असतो तो यासाठी.

परका मासा सोडून देणे योग्य आहे का?

हा या विषयातला सर्वांत अडचणीचा प्रश्न आहे. जगातल्या सर्वांत घातक १०० आक्रमक परक्या प्रजातींच्या यादीत ब्राऊन आणि रेनबो या दोन्ही ट्राऊटची नावे आहेत. हिमालयातल्या याच नद्यांमध्ये स्नो ट्राऊट नावाचा स्थानिक मासा राहतो. नावात ट्राऊट असले तरी तो रोहू-कटलाच्या कुळातला आहे. उत्तराखंडात त्याला असेला म्हणतात. तो दगडांवरचे शेवाळ खरवडून खातो. ब्राऊन ट्राऊट त्याची पिल्ले खातो आणि थंड पाण्यातली जागाही बळकावतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत या स्नो ट्राऊटची नोंद ‘असुरक्षित’ अशी आहे.

दुसरीकडे, शंभर वर्षांहून अधिक काळ इथे असलेल्या ट्राऊटवर होमस्टे, गाईड आणि मत्स्यशेतीतून अनेक कुटुंबांचे पोट चालते. त्याला स्वच्छ पाणी लागते, म्हणून नदी स्वच्छ ठेवण्यात गावाचाही फायदा असतो. सरसकट ‘सोडा’ किंवा ‘मारा’ असे उत्तर इथे चालत नाही. जिथे ट्राऊट आधीपासून आहे, तिथे परवान्याच्या मर्यादेत राहणे आणि जिथे नाही, अशा ओढ्यात तो कधीही न सोडणे, एवढे तरी प्रत्येकाच्या हातात आहे. स्नो ट्राऊट गळाला लागला तर त्याला मात्र न चुकता पाण्यात परत पाठवावे. आणि ट्राऊट खायचाच असेल तर सिमेंटच्या हौदांत वाहत्या पाण्यावर वाढवलेला फार्ममधला मासा खोऱ्यात सहज मिळतो.

महाराष्ट्रात हे शक्य आहे का?

ट्राऊट नाही. सह्याद्रीतल्या नद्यांचे पाणी उन्हाळ्यात त्याला सोसणार नाही. पण फ्लाय फिशिंग ही पद्धत आहे आणि ती इतर माशांनाही लागू पडते. आपल्याकडचा मानाचा मासा म्हणजे महासीर. लोणावळ्याच्या वळवण इथे टाटा पॉवरच्या केंद्रात अनेक दशकांपासून महासीरची पैदास केली जाते. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून महासीरला कोणी हात लावत नाही. मासा बघायचा आणि पाण्यातच राहू द्यायचा, ही रीत आपल्याला नवी नाही. कुठेही काठी घेऊन जाण्याआधी त्या जलाशयावर परवानगी आहे का, हे मत्स्यव्यवसाय विभागाकडे विचारणे आवश्यक आहे.

जायचे असल्यास काय लक्षात ठेवावे?

हिमाचलमध्ये ट्राऊटच्या पाण्यात मासेमारी करण्यासाठी राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना लागतो. किती मासे ठेवता येतील आणि त्यांची किमान लांबी किती असावी, याचे नियम त्यासोबत समजून घ्यावेत. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर हा प्रजननाचा काळ असल्याने बंदी असते. मार्च ते मे आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरअखेरपर्यंतचा काळ चांगला. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मासेमारी करता येत नाही, ती उद्यानाबाहेरच्या खालच्या पट्ट्यात केली जाते. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी महागडे साहित्य विकत घेण्याऐवजी ते गाईडकडून भाड्याने घ्यावे. घसरणार नाहीत असे बूट, काठी आणि डोळ्यांना चष्मा मात्र हवाच, कारण फेकलेला गळ परत स्वतःकडेही येतो.

पुण्याच्या चौघांना तीन दिवसांत मिळून एकच मासा लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी, दगडामागच्या फेसाच्या रेघेत, वर्कशॉपवाल्याच्या काठीला. जेमतेम वीतभर ब्राऊन ट्राऊट, अंगावर तांबडे ठिपके. बाकीचे तिघे पाण्यातून शक्य तितक्या हळू त्याच्याजवळ आले. कोणीतरी मोबाइल काढेपर्यंत त्याने गळ सोडवला होता आणि मासा त्याच्या ओल्या तळहातावरून निसटून गेला होता. फोटो मिळाला नाही. मग चौघेही त्या दगडावर बसून बराच वेळ नुसती नदी बघत राहिले. या वेळी तसे करायला त्यांना कोणी सांगितले नव्हते.